रात्रपाळी

फेब्रुवारी. ओस्त्रावात रस्त्यावर उणे सतरा,
आणि सातव्या मजल्यावर, आमच्या टाकीत, हीटरचा तांबडा दिवा.
झोपताना पाहिला, बाराला पाहिला,
तीनला पाणी प्यायला उठलो तेव्हाही पेटलेलाच.
बरं वाटलं. एवढ्या थंडीत बिचारा राबतोय.
काचेला नुसतं बोट लावलं असतं
तर कळलं असतं.
नाही लावलं.

ज्दिस्लावा रात्रपाळीला होती,
इस्पितळात, वेळेआधी आलेल्या बाळांच्या खोलीत.
तिथं पारदर्शक पेट्या, आत किलोभर वजनाचे जीव,
आणि बाहेर ही, डोळ्यांत तेल घालून.

सकाळी साडेसहाला आली. कोट अंगावर, बूट पायात,
फरशीभर बर्फाचं पाणी.
सरळ टाकीपाशी. झाकण उचललं,
मनगटाची आतली बाजू पाण्याला लावली
(दुधाची बाटली पाहतात तशी)
आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,
"रादोवान, हा ताप आहे."
थर्मामीटर मी नंतर पाहिला. साडेछत्तीस.

पाच डिस्कस. ताटलीएवढे, निळ्या रेघांचे,
ओपावाच्या एका म्हाताऱ्याकडून आणलेले,
बसमध्ये पिशवी मांडीवर, माझा कोट पिशवीवर.
चार आडवे झालेले. पाचवा तोंड वर करून
हवेचे घोट घेत होता,
आणि हवा त्याच्या काही कामाची नव्हती.
आठ वाजता तोही.

हीटर मी फोडला. रागानंच, खरं सांगायचं तर.
आत दोन इवलेसे पॉइंट,
वितळून एकमेकांना चिकटलेले, एकजीव.
मला आजवर बिघाड म्हणजे अंधार वाटायचा:
बल्ब जातो, लिफ्ट अडकते, ट्राम थांबते.
हा थांबायचंच विसरला होता.
तापायला काय, कुणीही तापतं.
वेळेवर विझणं, एवढंच तर त्याचं काम होतं.

चहा गार झाल्यावर ती बोलली.
"आमच्या प्रत्येक पेटीला दोन असतात.
एक ऊब देतो.
दुसरा त्या पहिल्यावर विश्वास ठेवत नाही.
त्याची तार वेगळी, डोकं वेगळं. एवढंच करायचं त्यानं.
आणि घरी मी एकावर सोडलं."
मी सोडलं, म्हणाली. झोपलो मी होतो.

आता तीनशे वॉटचा तो एकटा दांडगा नाही.
शंभराचे दोन आहेत, दोन कोपऱ्यांत.
एक रुसला तर दुसरा निभावून नेतो,
एक बेभान झाला
तरी एकट्याच्या अंगात टाकी उकडायची रग नाही.
बाहेर भिंतीवर एक डबी, तिचा स्वतःचा कान पाण्यात.
तीस झाले की ती दोघांचीही वीज तोडते, आणि ओरडते.
पहिल्या आठवड्यात मी तिला मुद्दाम ओरडायला लावलं,
कान गरम पाण्याच्या कपात बुडवून,
ज्याची परीक्षा घेतली नाही तो पहारेकरी कसला.
खालच्या मजल्यावरच्या पानी हेर्मीना वर आल्या, आग लागली का विचारत.

प्लगवर पट्टी, पट्टीवर विकत घेतल्याची तारीख.
दोन वर्षं झाली की चालू असला तरी निरोप.
यावर आमचं भांडण होतं दरवेळी.
मी म्हणतो, चांगला चाललाय की.
ती नुसती माझ्याकडे बघते.

पाणी बदलताना आधी प्लग काढायचा, हे मात्र मी कधी विसरत नाही.
एकदा विसरलो होतो. ते तिला माहीत नाही.

यंदा तीन पिल्लं आहेत, बिस्किटाएवढी.
अजून रेघा उमटायच्यात.
तीनला जाग येतेच. दिवा पेटलेला असो वा विझलेला,
मी बोट काचेला लावतो, आकडा वाचतो,
आणि तिला पाठवतो: एकोणतीस.
थोड्या वेळानं तिकडून तिचा येतो,
सगळ्यांत लहान पेटीतला:
साडेछत्तीस.
हाच आकडा. तिथं या आकड्यावर
सगळे गाढ झोपलेत.